टाकाऊतून विकाऊ

रात्री साडेनऊच्या सुमारास कुठल्याही उपनगरातल्या स्टेशनरीच्या दुकानापाशी जरा उभं राहावं. ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच असलेले चार-पाच बाप तिथे घामाघूम होऊन ताटकळत असतात. हातात मोबाइल, मोबाइलवर नर्सरीच्या ग्रुपवर नुकताच येऊन आदळलेला निरोप : उद्या घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून मुलांकडून काहीतरी टिकाऊ बनवून घेऊन पाठवावे. मूल बनवत असतानाचा फोटो कंपल्सरी.

"शेठ, टाकाऊमध्ये काय आहे?"

"टाकाऊ संध्याकाळीच संपलं साहेब. आइस्क्रीमच्या काड्यांची दोन पाकिटं उरलीत. घेऊन टाका, नाहीतर तीही जातील."

बाप दोन्ही घेतो. आइस्क्रीम न खाता काडी मिळवायची ही सोय नवी. पूर्वी एका काडीमागे एक कुल्फी खावी लागायची, आणि एवढा त्रास हल्ली कोण घेतो! मग कागदी कप. तेही कोरे करकरीत. त्यांना टाकाऊपण घरी नेऊन द्यायचं. मग चमकी, रंगीत गोंडे, चिकटवायचे हलते डोळे. शेवटी दुकानदार इकडेतिकडे बघून काउंटरखालून थर्माकोल काढतो, कारण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आलेली आहे. टाकाऊचं एकूण बिल साडेतीनशे रुपये. तोपर्यंत घरातला अस्सल टाकाऊ माल, म्हणजे दुधाच्या पिशव्या, अंड्यांचा ट्रे आणि पार्सलची खोकी, सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात शिस्तीत जाऊन पडलेला असतो.

घरी पोचल्यावर कळतं, चिरंजीव झोपलेत. एका परीने बरंच झालं. जागे असते तर मध्येमध्ये आले असते. मग इंजिनिअर बाप आणि सीए आई मिळून बारा वाजेपर्यंत सुरवंट बनवतात. पाय पट्टीने मोजून एका मापाचे, पाठीवरचे ठिपके समान अंतरावर. सकाळी सव्वासातला पेंगुळलेल्या मुलाच्या मुठीत फेविकॉलची बाटली खोचायची, तिचं तोंड सुरवंटाकडे वळवायचं, "बाळा, इकडे बघ, स्माइल!" आणि खटॅक. नऊ वाजेपर्यंत ग्रुपवर वर्गभराचे सुरवंट सरपटत येतात. 'वॉव', 'सो क्रिएटिव्ह', टाळ्या, बदाम, पुन्हा टाळ्या. मिस प्रत्येक मुलाच्या मनगटावर एकेक स्टार उमटवतात. वास्तविक तो बापाच्या कपाळावर उमटवायला हवा.

*

मनगटावरून आठवलं. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे कधी पाहिलाय? मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः त्यातलं एकही एक्स-रेत उमटत नाही, सगळा कूर्चेचा मामला असतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास तीनेक दिसायला लागतात आणि शेवटचं उगवेपर्यंत दहा-बारा वर्षं उलटतात. हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर मुलाच्या वयाचा अंदाज बांधतात तो त्यामुळेच. लिहायला हाड जास्त लागतं की स्नायू, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. आम्ही मात्र त्याच मनगटाकडून कॅपिटल ए ते झेड, स्मॉल ए ते झेड आणि एक ते शंभर, चाररेघी वहीत, रेघेबाहेर न जाता मागतो. नाही जमलं तर ट्यूशन. क्लासच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असतं : 'नर्सरी ते बारावी सायन्स'. पोराचा अजून डायपर सुटलेला नसतो आणि तो नीटच्या तयारीला लागलेला असतो.

पेन्सिल नीट धरायची तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांचं जमावं लागतं. ते जमवून देणारी साधनं कुठल्या दुकानात मिळतात? दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे. रांगोळीची चिमूट. शर्टाचं बटण. लसणाची पाकळी. मटारची शेंग.

शेंगेपाशी जरा थांबू, कारण शहरातल्या बऱ्याच मुलांनी ती पाहिलेली नसते. त्यांचा मटार फ्रीझरमध्ये पिकतो. शेंग उभी धरायची आणि टोकाशी अंगठा दाबायचा. आधी काहीच होत नाही. मग एकदम फट्ट होतं आणि मूल दचकून हसतं. शिवणीतून नख सरकवत नेलं की दाणे ओळीने दिसतात, मधले गलेलठ्ठ, कडेचे खुरटलेले. यात सात, त्यात चार. जास्त कशात? एक तोंडात गेला, आता किती? एक फ्रिजखाली गेला. त्यासाठी पालथं पडायचं, हात पुरत नाही, मग पट्टी आणायची, पट्टीने तो आणखी आत ढकलायचा. गणित झालं, विज्ञान झालं, व्यायाम झाला, आणि दिवाळीपासून हरवलेलं रिमोटचं झाकण सापडलं. एखाद्या शेंगेत अळी निघाली तर विचारायलाच नको. ती खरी असते, स्वतःहून हलते आणि तिला डोळे चिकटवावे लागत नाहीत.

पाव किलो मटाराला यात पाऊण तास लागतो आणि भाजीला निम्मेच उरतात. इथेच सगळं अडतं.

*

मराठी घरातल्या बालशिक्षणाचं सगळ्यात जुनं सूत्र कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने सांगितलेलं नाही. ते ओट्यापाशी जन्मलं. "सरक बाजूला, मध्येमध्ये येऊ नकोस." तीन वर्षांचं पोरगं केर काढायला धावतं, लाटणं मागतं, पाण्याचा तांब्या उचलतं, ताटं मांडायला बघतं, आणि दर वेळी त्याला हे सूत्र ऐकवलं जातं. पोरगं सूत्र शिकतं. नीट शिकतं. पुढे चौदाव्या वर्षी ते सोफ्यावर आडवं पडलेलं असतं आणि तीच आई शेजारणीला सांगत असते, "पाण्याचा ग्लास म्हणून उचलत नाही हो मेला!" उचलेल कसा? तो उचलत होता तेव्हा काढून घेतला. फुटेल म्हणून.

बापांनी इथे हसू नये. गाडी धुताना फडकं मागणाऱ्या मुलाला हेच सूत्र खाली पार्किंगमध्ये मिळतं.

आणि आईलाही किती बोलायचं? आठच्या लोकलने ती घरी पोचते. पोळ्या मावशी करून गेलेल्या. आलं-लसणाची पेस्ट बाटलीतली, इडलीचं पीठ पिशवीतलं, कोथिंबीर निवडून चिरून डब्यात आलेली, कपडे मशीनमध्ये, तांदूळ 'निवडण्याची गरज नाही' असं छापलेले. यातलं काहीही वाईट नाही. ज्यांना पूर्वीचा स्वयंपाक फार पवित्र वाटतो, त्यांनी चार दिवस पाट्यावर चटणी वाटून बघावी. पण झालं असं, की घरातलं काम बाहेर गेलं आणि त्याच्या बोचक्यात बांधून तीन वर्षांच्या मुलाचा अभ्यासक्रमही गेला. निवडायचं काही उरलं नाही, सोलायचं उरलं नाही, जोड्या लावायच्या उरल्या नाहीत. मग मुलाच्या हाताला चाळा हवा म्हणून आपण कामाची नक्कल विकत आणतो. खोक्यात घातलेली.

*

खोकं उघडू. आत दोन लाकडी वाट्या, एक चमचा आणि मूठभर राजमा. पुस्तिकेत लिहिलंय, मुलाने चमच्याने राजमा या वाटीतून त्या वाटीत न्यावा. नाव 'ट्रान्सफर अ‍ॅक्टिव्हिटी'. बाराशे रुपये. राजमा खाऊ नये, अशी सूचना ठळक अक्षरांत.

दुसऱ्या खोक्यात लाकडी भाज्या. गाजर, वांगं, टोमॅटो. मधोमध चिकटपट्टी, लाकडी सुरीने कापलं की दोन तुकडे. पोरगं हॉलमध्ये लाकडी वांगं कापतंय, आत मावशी खरं वांगं कापतायत, आणि दोघांमध्ये सेफ्टी गेट लावलंय. तसं लाकडाच्या भाज्या-फळांशी आपलं वैर नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत ती पिढ्यान्‌पिढ्या रंगवली जातात, आणि त्यांचं केळं असं की पाहुणा फसून हात घालतो. पण ती शोभेची म्हणून घेतली जातात आणि भातुकलीत जातात. त्यांच्याबरोबर 'फाइन मोटर स्किल'चं पत्रक येत नाही, म्हणून ती मागास.

खोक्यावर मारिया मॉन्टेसरीबाईंचं नाव असतं. बाई पेशाने डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली पोरं जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करत, म्हणून इमारतवाल्यांनाच कुणीतरी पोरांकडे बघणारं हवं होतं. एका महान शिक्षणपद्धतीचा उगम रंगकामाचा खर्च वाचवण्यात आहे, हे आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवायला हरकत नाही. तिथे मुलं काय करायची? झाडायची, पुसायची, हात धुवायची, टेबल मांडायची, सूप वाढायची. खरं सूप, खऱ्या बशीत. बशी काचेची असावी असा बाईंचा आग्रह, कारण फुटते हे कळल्याशिवाय मूल जपून धरायला शिकत नाही. पुढे १९३९ साली त्या मद्रासला आल्या, महायुद्ध पेटलं, इटलीच्या नागरिक म्हणून शत्रूपक्षात मोजल्या गेल्या आणि १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. एवढी वर्षं राहूनही बाराशे रुपयांत राजमा विकायचं त्यांना सुचलं नाही.

त्यांची साधनं महाग पडतात, हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. ताराबाई मोडकांच्या आलं. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बाई बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ती तिथली. साधनं कुठली? शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या. मोजायचे तर चिंचोके. आधी पोरांना आंघोळी, मग नखं, मग गाणी. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी तेच. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री.

आणि आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पार्सलने 'नेचर किट' येतं. त्यात गुळगुळीत खडे, शिंपले, बिया आणि पाइनची फळं असतात. पाइन! बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांची बोंडं पायाला टोचतात, फुकट टोचतात. पुण्यात रस्त्यावर बाभळीच्या शेंगा आहेत, गुलमोहराच्या तलवारी आहेत, टबेबुयाची फुलं आहेत. पण ते उचललं तर "शी! खाली टाक, डर्टी!" आणि मग हात सॅनिटाइझ करून खोक्यातला निर्जंतुक निसर्ग उघडायचा.

*

सरकारनेही खोकं काढलंय. 'जादुई पिटारा'. फेब्रुवारी २०२३, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. बाहुल्या, कोडी, चित्रकार्डं, गोष्टी, खेळणी. त्याच्या मागचा विचार चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ हा एकच पायाचा टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकणं सांगितलं. गिजुभाईंनी भावनगरचं बालमंदिर १९२० साली सुरू केलं होतं. शंभर वर्षांत फाइल दिल्लीत पोचली. आपल्या टपालाच्या मानाने बरा वेग.

अंगणवाडीचं मात्र नाव काढू नये. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा शब्द सरकारी झाला. आज सेविका बाळांची वजनं करते, आहार वाटते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते, मोबाइलवर माहिती भरते, पोलिओचा डोस असला की घरोघर फिरते, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवते. या सगळ्याचा तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. मान किती आणि धन किती ते मोर्च्यात तिलाच विचारा. तिच्या हातात चिंचोके असतात म्हणून आम्ही मुलाला तिथे घालत नाही. आम्ही लाख रुपये भरून जिथे घालतो, तिथे चिंचोक्यांना 'काउंटर्स' म्हणतात.

त्या लाखवाल्यांकडे प्रवेश मिळवणं हाही एक घरचाच उपक्रम. यशपाल समितीने १९९३ सालीच सांगून ठेवलंय की नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती बंद करा. शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलमही प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावू नये म्हणतं. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा, तीन वर्षांचं पोर त्याच्या फटीतून अलगद खाली पडतं. आणि मुलाखत घेतंय कोण? ते 'इंटरॅक्शन' असतं. त्यासाठी घरोघर महिनाभर तालीम चालते. "मिसने विचारलं, व्हॉट डज युअर फादर डू, तर काय सांगायचं?" पोरगं खरं सांगतं, "बाबा मोबाइल." प्रवेश जातो.

*

इंग्रजीचं काय? शाळेने सांगितलंय, घरी इंग्रजीतच बोला. आईबापांचं इंग्रजी ऑफिसात फर्डं चालतं, पण ते ईमेलचं. तीन वर्षांच्या मुलाशी बोलताना ते रंग, फळं आणि प्राणी यांच्यापाशी संपतं. "बेटा, तो बघ पॅरट! किती ग्रीन आहे ना! बनाना ईट कर. हँड वॉश कर. शूज वेअर कर." पोराच्या पदरात नुसती नामं पडतात, क्रियापद एकच, कर.

ओट्यापाशी उभं केलेल्या मुलाला एका सकाळीत काय काय मिळतं बघा : निवडणं, पाखडणं, चाळणं, मळणं, लाटणं, शेकणं, परतणं, घुसळणं, विरजणं, उतू जाणं. त्यातल्या प्रत्येकाला एकेक हालचाल आहे, आवाज आहे, वास आहे. उतू जाण्याला तर आईची किंकाळीही आहे. आजी असेल तर ती हे करता करता बोलत राहते. मुलाशी, दुधाशी, मांजराशी, मावशी आल्या नाहीत म्हणून मावशींच्या नवऱ्याशी. या बडबडीला फी नाही.

मुलाला त्याच्याच भाषेत शिकवा, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत, असं नवं धोरण म्हणतं. धोरणाचं इंग्रजी फार सुंदर आहे, म्हणून आम्ही ते वाचलं नाही.

*

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीनपुढे बसू नये, कमी बसलं तर आणखी उत्तम. पालकांनी यातला 'एक तास' एवढाच भाग वाचला आणि तो हक्क समजून मुलाला दिला. जेवणाच्या वेळी एक, शिवाय झोपताना एक. त्याच कागदावर पुढे लिहिलंय की या वयाच्या मुलाने दिवसाकाठी १८० मिनिटं हिंडा-फिरायला, उड्या मारायला हवं, त्यातली ६० मिनिटं चांगली धापा टाकत. म्हणजे तीन तास. कुठे? सोसायटीच्या फलकावर यादी आहे : लॉबीत सायकल चालवू नये. लॉनवर चालू नये. पार्किंगमध्ये चेंडू खेळू नये. लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत. खाली सही, सेक्रेटरी, ज्यांची नातवंडं अमेरिकेत धापा टाकतात.

करोनात तर नर्सरीही ऑनलाइन भरली होती. केंद्राच्या जुलै २०२० च्या सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांची मर्यादा होती, आणि तो अर्धा तासही पालकांशी बोलण्यासाठी. प्रत्यक्षात पोरं पडद्यावर, मिस "म्यूट करा, म्यूट करा" ओरडतायत, आणि मागून कुणाचे तरी आजोबा टॉवेलवर निघून जातायत. त्यातून मुलं काय शिकली ते ठाऊक नाही. आजोबा शर्ट घालायला शिकले.

*

आता आजोबांचंच पत्र येणार : 'आमच्या वेळी असले चोचले नव्हते.' खरंय, नव्हते. आपल्या वेळी पाटी होती, पाटीवर गिरवायला 'श्री' होता, आणि 'श्री' चुकला की पाठीत धपाटा होता. मुलींना भातुकली दिली जायची ती सर्जनशीलता फुलावी म्हणून नव्हे. पुढे हेच करायचंय, हात बसू दे म्हणून. मुलगे बाहेर उंडारत, कारण घरात बारा माणसं होती आणि कुणालाच कुणाकडे बघायला वेळ नव्हता. त्या न बघण्यातून पोरं बरंच शिकली, हे मान्य. पण त्याला संस्कार म्हणून मिरवू नका. आणि पोळीचा चिमुकला गोळा नातीच्याच हातात जायचा, नातवाच्या नव्हे, हेही सांगा कधीतरी. तो नातू आज रात्री साडेनऊला काड्या घेतोय. त्याला कणीक कशी मळतात ते ठाऊक नाही, म्हणून 'प्ले-डो' विकत आणतो.

कणीक! पिठात पाणी आधी जास्त पडतं, मग सगळी बोटं चिकटतात, मग पीठ, मग पुन्हा पाणी. मुलाने मळलेला गोळा राखाडी होतो आणि त्याची पोळी महाराष्ट्राच्या नकाशापासून ते कुत्र्यापर्यंत कशीही निघते. ती बापाने खायची. जास्त कडक आहे असं म्हणायचं नाही. हा उपक्रम मुलापेक्षा बापासाठी अवघड आहे, म्हणून तो कुठल्याच पुस्तिकेत नाही.

असे आणखी आहेत. धुतलेल्या मोज्यांचा ढीग मुलापुढे टाकून जोड्या लावायला सांगाव्यात. ऑफिसला दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून जायची तयारी मात्र हवी. मंडईत डोळे मिटून कोथिंबीर आणि मेथी वासावरून ओळखायला लावावी. डब्यांची झाकणं काढून त्यांचा गोंधळ घालावा आणि ज्याचं त्याला बसवायला सांगावं. प्रत्येक मराठी घरात एक झाकण जास्त निघतं, त्याचं काय करायचं हे त्यालाच विचारावं. आणि गोष्ट सांगावी. चिऊ-काऊचीच सांगावी, रोज तीच. झोप अनावर झालेला बाप मधलं एक वाक्य गाळतो आणि डोळे मिटून पडलेलं पोरगं ताडकन उठून बसतं, "बाबा, तू ते नाही म्हणालास." मुलांना नवी गोष्ट लागते असं प्रकाशकांना वाटतं. त्यांना तीच लागते, कारण पुढे काय येणार हे आधी कळण्यातली मजा मोठी आहे. मोठी माणसं त्यासाठीच टीव्हीवरच्या मालिका बघतात.

सरबताचा एक प्रयोग आहे. मूळ कल्पना झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाची, लिंबू आपलं. दोन सारख्या पेल्यांत सारखं सरबत ओतायचं. सारखं आहे ना? आहे. आता मुलाच्या देखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओतायचं. जास्त कशात? चार वर्षांचं पोर ठामपणे उंच ग्लास दाखवतं. इथे बहुतेक बाप चुकतात. ते समजावायला बसतात, मापं काढतात, परत ओतून दाखवतात, आवाज चढवतात. काही उपयोग नाही. सात वर्षांच्या आसपास ते आपोआप समजेल; तोवर त्याला उंच ग्लास द्या आणि स्वतः पसरट पेला घ्या. घरात भांडण नाही, सरबत सारखंच.

आणि करताना फोटो काढू नका. हे सांगूनही काढणारच. परवा एका घरी आजी आणि नात जमिनीवर पेपर पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. पंख्याने सालं उडत होती, नात ती पकडायला धावत होती, निम्म्या पाकळ्यांना नखं लागलेली. बाबांना उपक्रम दिसला. लगेच मोबाइल घेऊन गुडघ्यांवर आले, पेपर जरा उजेडाकडे ओढला, आजींना म्हणाले, "आई, तू फ्रेममध्ये येतेस, जरा मागे हो," आणि लेकीची हनुवटी वर केली.

लेक पाकळी सोडायला तयार नाही. "बाबा, सरक ना बाजूला. मध्येमध्ये येऊ नकोस."